सहलीचे वेळापत्रक आणि पाण्याचे वेळापत्रक

२०२५ च्या अनंत चतुर्दशीला निघालेली लालबागच्या राजाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली, पण विसर्जन लगेच होऊ शकले नाही. भरतीचे गणित चुकले होते. नवा तराफा होता, हजारो हात होते, कोळी बांधवांचा अनुभव होता. तरीही मूर्ती कित्येक तास किनाऱ्यालगतच्या पाण्यात थांबली आणि विसर्जन झाले ते रात्री. परळ-लालबागपासून गिरगावपर्यंत ज्यांनी तो दिवस पाहिला, त्यांना पाणी कोणाच्या घड्याळाने चालत नाही हे निराळे सांगण्याची गरज नाही.

शाळेच्या सहली आखताना मात्र नेमके हेच विसरले जाते. बस किती वाजता सुटणार, नाश्ता कुठे, दुपारचे जेवण कुठे, परत किती वाजता येणार, हे सारे महिनाभर आधी छापील कागदावर पालकांच्या हाती पडते. सहल एखाद्या संग्रहालयात जाणार असेल तर त्यात काही बिघडत नाही. परंतु मुंबईतील मुलांना आता पवना, मुळशी, भंडारदरा अशा जलाशयांच्या काठी तंबूंत मुक्कामाला नेले जाते आणि कार्यक्रमात होड्या वल्हवण्याचाही समावेश असतो. तेथे छापील कागदावरचा ‘दुपारी ३ ते ५ : नौकाविहार’ हा मजकूर निरुपद्रवी राहत नाही. दुपारी तीन वाजता पाणी कसे असेल, हे तो कागद छापणाऱ्याला ठाऊक नसते.

अशा शिबिरांत वापरल्या जाणाऱ्या होड्या दोन प्रकारच्या. कनू ही वरून उघडी, लांबट आणि हलकी होडी. ती एका पात्याच्या वल्ह्याने चालवतात. कयाकचे वल्हे दोन पात्यांचे असते आणि अनेक कयाकांत बसणाऱ्याचे पाय होडीच्या पोटात झाकलेले असतात. मुक्कामाच्या सफरीला कनू सोयीची पडते, कारण तिच्यात तंबू, शिधा, भांडीकुंडी असे सारे मावते. सोयीची तीच बाब धोक्याचीही आहे. उघड्या होडीत लाटेचे पाणी सरळ आत येते. आत आलेले पाणी एका जागी राहत नाही. होडी किंचित कलली की ते त्याच बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते. सामानाच्या ओझ्याने होडीची कड आधीच पाण्याच्या जवळ आलेली असते. त्यात घाबरलेला एखादा मुलगा उभा राहिला, तर पुढचे सारे दोन-तीन सेकंदांत घडते.

शाळकरी मुलांच्या कनूसफरीत काय काय चुकू शकते, हे एका दुर्घटनेने जगाला दाखवून दिले. कॅनडातील ऑन्टारिओ आणि क्विबेक या प्रांतांच्या सीमेवर टिमिस्कामिंग नावाचे लांबलचक सरोवर आहे. ११ जून १९७८ रोजी ‘सेंट जॉन्स स्कूल ऑफ ऑन्टारिओ’ या निवासी शाळेची २७ मुले आणि ४ शिक्षक चार मोठ्या कनूंमधून या सरोवरात उतरले. कष्टांनी मुलांचे चारित्र्य घडते, अशी या शाळेची श्रद्धा होती. उत्तरेकडील जेम्स उपसागरापर्यंत जायचे, वाटेत किनाऱ्यावर मुक्काम करायचे, असा शेकडो किलोमीटरांचा बेत होता. ही मंडळी आदल्या रात्री मोटारीने प्रवास करून आली होती आणि पुरेशी झोप न घेताच पाण्यात उतरली होती.

सकाळी सरोवर शांत होते. दुपारी वारा वाढला, लाटा उठल्या. एक कनू उलटली. तिच्यातील मुलांना उचलण्यासाठी दुसरी वळली, तशी वळताना ती लाटेला आडवी आली आणि तीही उलटली. मग तिसरी. पाणी अतिशय थंड होते. मुलांच्या अंगात जीवरक्षक जॅकेटे होती, त्यामुळे ती तरंगत राहिली. पण गारठ्याने एकेकाचे प्राण गेले. १२ मुले आणि १ शिक्षक त्या दिवशी दगावले. मोहिमेचा तो पहिलाच दिवस होता.

कॅनडातील लेखक जेम्स रॅफन यांनी या घटनेवर २००२ मध्ये ‘डीप वॉटर्स’ हे पुस्तक लिहिले. त्या दिवशी कोणतेही अभूतपूर्व वादळ झाले नव्हते. त्या सरोवरावर दुपारी वारा उठणे ही रोजच्या व्यवहारातील गोष्ट. सुटले ते इतरच दुवे : थकलेले शरीर, न केलेला सराव, एकमेकींपासून दूर गेलेल्या होड्या आणि ‘आज नको, उद्या निघू’ असे म्हणणाऱ्याचा अभाव. मोहीम ठरली होती, म्हणून ती निघाली.

पंधरा वर्षांनी इंग्लंडमध्ये हीच गोष्ट समुद्रावर घडली. २२ मार्च १९९३ रोजी प्लिमथ शहरातील एका शाळेचे आठ विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक लाइम बे या उपसागरात कयाक घेऊन निघाले. किनाऱ्या-किनाऱ्याने जेमतेम तीन किलोमीटर जायचे होते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. असा वारा नवख्याला फसवतो, कारण काठाजवळचे पाणी सपाट दिसते आणि लाटा सुरू होतात त्या आत गेल्यावर. कयाकांत पाणी भरत गेले, मुले समुद्रात वाहत गेली, संकटाची खूण करण्यासाठी लागणारे अग्निबाण कोणाजवळ नव्हते आणि गट परतला नाही हे तटरक्षकांना कित्येक तास कळवले गेले नाही. चार मुले दगावली. त्या केंद्रातील सुरक्षाव्यवस्था अपुरी असल्याचा इशारा आधीच्या प्रशिक्षकांनी लेखी दिलेला होता, हे खटल्यात पुढे आले. केंद्राच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये मुलांसाठी साहसी उपक्रम चालवणाऱ्या केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा ब्रिटनच्या संसदेने केला.

ही उदाहरणे दूरदेशीची आणि थंड पाण्याची, असे म्हणून ती बाजूला सारण्याचा मोह होईल. आपल्याकडील नोंद मात्र अधिक अस्वस्थ करणारी आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्यातील एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी ओहोटीच्या पाण्यात ओढले जाऊन बुडाले. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली बोट उलटली आणि तीन मुलींचा मृत्यू झाला. मच्छीमार बोटी धावून आल्या म्हणून बाकीचे वाचले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्यातील हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. तिन्ही घटना थंडीच्या मोसमातील, दिवसाउजेडी घडलेल्या. वादळ कुठेच नव्हते. हवामान अनुकूल असताना आपली ही तऱ्हा असेल, तर मुक्कामाच्या शिबिरात रात्री वारा फिरल्यावर काय होईल, हा प्रश्न पालकांनी विचारला पाहिजे.

गिरगाव-परळच्या जुन्या कुटुंबांना याचे उत्तर ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतील बहुतेक प्रवासी गिरगाव आणि परळ भागांतील होते, सणासाठी गावी निघालेले. मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट सावरली नाही. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते; वाचलेली माणसे किनाऱ्याला लागली तेव्हा मुंबईला बातमी कळली. आगबोट आणि कनू यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी भार एका बाजूला सरकला की काय होते, याचे भौतिकशास्त्र दोन्हींना सारखेच लागू पडते.

सह्याद्रीतील जलाशयांवर वारा कसा वागतो, हे या ठिकाणी थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. शाळेच्या भूगोलात मतलई आणि खारे वारे सर्वांनी वाचलेले असतात. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो. दिवसा जमीन तापते आणि दुपारी वारा समुद्राकडून आत येतो. घाटमाथ्यावरील जलाशयांवरही दिवसाचा असाच ताल असतो : सकाळी पाणी आरशासारखे, दुपारनंतर डोंगरांच्या खिंडींतून वारा. खिंड अरुंद असेल तर तिच्यातून येणारा वारा झोताने येतो. लाटेची उंची तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि मोकळ्या पाण्याचा किती लांब पट्टा त्याला मिळाला. धरणाचा जलाशय नदीच्या खोऱ्यात भरलेला असल्यामुळे लांबट असतो. खोऱ्याच्या दिशेने वारा सुटला, तर पलीकडच्या टोकाला उठणाऱ्या लाटा अलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या शिक्षकांना दिसतही नाहीत.

म्हणून जाणते लोक पाण्यावरचा सारा कार्यक्रम सकाळी अकराच्या आत उरकतात. मुंबईहून पहाटे निघालेली बस घाट चढून जलाशयावर पोहोचते तीच साधारण या सुमारास. जेवण, तंबू लावणे वगैरे आटोपून मुले होड्यांत बसतात ती नेमकी वारा उठण्याच्या वेळेला. दोन दिवसांच्या सहलीत हा उफराटा क्रम सहज सुधारता येतो : पहिल्या दुपारी काठावर सराव आणि दुसऱ्या सकाळी पाणी. त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

मे महिन्यातील आणि परतीच्या पावसाच्या काळातील वळीव हा वेगळाच प्रकार. दुपारपर्यंत आकाश निरभ्र असते आणि मग तासा-दोन तासांत ढगांचे डोंगर उभे राहतात. पाऊस येण्यापूर्वी थंड हवेचा झोत जमिनीवर आदळतो आणि चहूकडे पसरतो. पाण्यावरची होडी उलटवणारा वारा बहुधा हाच असतो. अशा वेळी मुंबईतून आकाश पाहून ‘हवा छान आहे’ असे ठरवणे व्यर्थ. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच चोवीस तासांत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढा फरक पडत असेल, तर दादरच्या खिडकीतून पवनेचे आकाश दिसणार नाही. हवामान खाते जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते आणि पुढील तीन तासांचा तातडीचा अंदाजही प्रसृत करते. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप आहे. शिबिरप्रमुखाच्या मोबाइलमध्ये ते असावे आणि शिबिराच्या जागी मोबाइलला रेंज आहे की नाही, हेही आधी पाहिलेले असावे.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ लागला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यावरून हा हिशेब निघतो. तेव्हा मुले पाण्याबाहेर हवीत आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा पाण्यात उतरू नये. मोकळ्या जलाशयावर होडीतला माणूस हाच सर्वांत उंच बिंदू असतो. काठावरच्या एकट्या झाडाखालचा आडोसा त्याहून बरा नाही, आणि तंबूच्या धातूच्या दांड्यांचाही आधार धरू नये. पक्की इमारत किंवा बंद काचांची बस हाच खरा आसरा.

आता जॅकेटाविषयी. हरणीच्या दुर्घटनेत जॅकेटे सर्व मुलांना मिळाली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून १५ जणांचे प्राण गेले, तेव्हाही प्रवाशांच्या अंगात जॅकेटे नव्हती. पण नुसते जॅकेट दिले म्हणजे काम झाले, असे नाही. मोठ्या माणसाच्या मापाचे जॅकेट दहा वर्षांच्या मुलाला घातले, तर तो पाण्यात पडताच ते वर सरकून कानांशी येते आणि मूल खाली राहते. तपासण्याची रीत सोपी आहे : पट्टे आवळल्यावर जॅकेटाचे खांदे धरून मुलाला वर उचलावे; जॅकेट हनुवटीच्या वर गेले तर माप चुकले. प्रत्येक जॅकेटाला शिटी बांधलेली असावी. लाटांच्या आवाजात मुलाची हाक शंभर फुटांवरही पोहोचत नाही, शिटी पोहोचते.

होडी उलटली तर तिला सोडू नये, ही गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवावी लागते. काठ जवळ दिसतो म्हणून मुले पोहत निघतात आणि मध्येच दमतात. पाण्यावरून अंतर नेहमी कमी भासते. बरीचशी आधुनिक कनू पाणी भरले तरी बुडत नाही. तिला धरून राहिलेले मूल लांबून दिसते, एकटे डोके दिसत नाही. आपल्याकडील पाणी कॅनडातल्यासारखे थंड नसले, तरी शरीराच्या ३७ अंशांपेक्षा ते थंडच असते आणि हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेते. जानेवारीतील वाऱ्यात भिजलेले किडकिडीत मूल तास-दीड तासात थरथरू लागते, मग त्याची बोटे वळेनाशी होतात. अशी मुले एकमेकांना बिलगून, गुडघे पोटाशी घेऊन राहिली तर जास्त काळ टिकतात.

हे सारे काठावरच्या भाषणाने शिकवता येत नाही. होडी उलटवून, जॅकेटासह पाण्यात पडून, पुन्हा होडीला धरण्याचा सराव उथळ आणि स्वच्छ पाण्यात करावा लागतो. त्यासाठी घाट चढण्याचीही गरज नाही. दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे, चर्नी रोडला मफतलाल बाथ आहे. सहलीपूर्वी तासाभराचे एक सत्र अशा तलावात झाले, तर कोणते मूल पाण्यात गोठून जाते आणि कोणते शांत राहते, हे शिक्षकांना सहलीपूर्वीच कळेल. पोहता येणारे मूल पाण्यात पडल्यावर शांत राहतेच असे नाही, हे जलतरण प्रशिक्षक कोणालाही सांगतील.

रात्रीच्या मुक्कामाचे प्रश्न वेगळे. होड्या पाण्याच्या रेषेपासून लांब ओढून, पालथ्या घालून बांधल्या नाहीत, तर रात्रीच्या वाऱ्यात त्या निघून जातात आणि पहाटे त्या आणायला कोणीतरी पोहत जातो. तंबू नाल्याच्या कोरड्या पात्रात लावू नयेत. धरणाच्या खालच्या बाजूला शिबिर असेल, तर पाणी केव्हा सोडतात याची चौकशी करावी. कोलाडच्या कुंडलिका नदीतील राफ्टिंग तर भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावरच चालते, तेव्हा नदीची पातळी तेथे आकाशाकडे पाहून ओळखता येत नाही. समुद्रकिनारी शिबिर असेल तर भरती-ओहोटीचे कोष्टक हवेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी साडेचार मीटरांहून वर चढते, अष्टमीच्या भांगाला हा चढ-उतार कमी असतो. मुरूडला घात झाला तो ओहोटीने.

मुरूडच्या घटनेनंतर सहलींबाबत कडक सूचना निघाल्या. त्यांचा रोख मुलांना पाण्यापाशी नेऊच नये, असा होता. सरकारी यंत्रणेची ही जुनी सवय आहे आणि तिने काही साधत नाही. शाळेने नेले नाही, तर तीच मुले पुढे महाविद्यालयात गेल्यावर मित्रांबरोबर जातात, तेव्हा त्यांच्यासोबत शिक्षकही नसतो आणि जॅकेटही. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची व्यवस्था त्यात आहे. शिबिर भरवणारी संस्था नोंदणीकृत आहे का, हा पालकांचा पहिला प्रश्न असावा. दुसरा, पाण्यावरच्या प्रशिक्षकांकडे कोणते प्रमाणपत्र आहे. तिसरा, मुलांच्या होड्यांबरोबर इंजिनाची एक बचाव-बोट असणार का. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : हवा बिघडली तर कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार कोणाचा?

बहुतेक वेळा याचे उत्तर ‘सगळे मिळून ठरवू’ असे मिळते. संस्थेने बस आणि जेवणाचे पैसे आगाऊ भरलेले असतात, शाळेने पालकांकडून शुल्क घेतलेले असते, मुलांनी आठवडाभर होडीची स्वप्ने पाहिलेली असतात. कार्यक्रम रद्द करणारा माणूस या तिघांचाही रोष ओढवून घेतो. तो पंचवीस वर्षांचा, रोजंदारीवर आलेला प्रशिक्षक असेल तर तो गप्प बसतो. म्हणून शाळेने संस्थेशी करार करतानाच लिहून घ्यावे की, हवामानामुळे पाण्यावरचा कार्यक्रम रद्द झाल्यास प्रशिक्षकाचे मानधन कापले जाणार नाही, शाळा त्या कारणासाठी परतावा मागणार नाही आणि त्या वेळेसाठी काठावरचा एक दुसरा कार्यक्रम आधीच तयार असेल. रद्द करणाऱ्याचे नाव करारात असावे, आणि पालकांना मिळणाऱ्या छापील कागदावर ‘दुपारी ३ ते ५’ ऐवजी ‘हवामान पाहून’ एवढे दोन शब्द असावेत.